पिवळ्या दिव्याचे दोन मीटर

दिवाळी सरली, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की नांदेड-लातूर रस्त्यावर पहाटेची धुई उतरू लागते. याच दिवसांत गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत एक मागणी वाढते. फॉग लाइटवर लावायची पिवळी फिल्म, पिवळे बल्ब, नाहीतर काचेवर मारायचा पिवळा स्प्रे. ज्यांना दुकानात जायचे नाही ते घरीच प्रयोग करतात. जिलेटिन कागद चिकटवतात, काचेवर चित्रे काढायचा रंग फासतात, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हेअर ड्रायरने फिल्म ताणून बसवतात. पिवळा प्रकाश धुके भेदतो, पांढरा भेदत नाही, हे त्यामागचे गृहीतक. ते कितपत खरे आहे, हे तपासायला विष्णुपुरीइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

नांदेड शहराबाहेर लातूरच्या दिशेला असलेल्या या गावाजवळ गोदावरी अडवली आहे. एका बाजूला जलाशय, भोवती ओलिताखालची शेती, आणि याच पट्ट्यात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. म्हणजे पहाटे सहा ते नऊ या वेळेत इथल्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांच्या दुचाकी, फिरायला निघालेली माणसे, लोहा-अहमदपूरकडून येणाऱ्या एसटी, रुग्णवाहिका आणि उसाच्या ट्रॉल्या सगळे एकत्र येतात. त्यातच धुके.

हे धुके जलाशयातून उठून येत नाही, तर ते जागच्या जागी तयार होते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि झपाट्याने गार पडते. तिला लागून असलेली हवाही गार होते. त्या हवेत बाष्प पुरेसे असेल, तर पहाटेपर्यंत त्याचे बारीक थेंब होतात. भिजवलेले हरभऱ्याचे किंवा उसाचे रान, कालव्याचा ओलावा आणि नदीकाठचा सखल भाग ही बाष्पाची सोय करून ठेवतात. म्हणून माळावर लख्ख दिसते आणि उतार संपून पुलाजवळ आले की समोरचे काहीच दिसत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली की थेंब विरतात.

हवामान खात्याच्या भाषेत एक किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागले की धुके म्हणायचे. दोनशे मीटरपेक्षा कमी दिसले तर दाट, पन्नासच्या आत आले तर अतिदाट. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात अतिदाट धुके दिवसचे दिवस बसते. मराठवाड्यात ते तुकड्या-तुकड्यांनी येते, तासा-दोन तासांत जाते. ऐकायला हे बरे वाटते, पण वाहन चालवणाऱ्याच्या दृष्टीने यात वेगळाच धोका आहे. उत्तरेकडच्या चालकाला घरातून निघतानाच ठाऊक असते की आज काही दिसणार नाही. इथला चालक मोकळ्या रस्त्यावरून साठ-सत्तरच्या वेगाने येतो आणि त्याच वेगाने धुक्याच्या पट्ट्यात शिरतो.

आता पिवळ्या रंगाकडे. या समजुतीला शाळेतल्या विज्ञानाचा आधार आहे, म्हणून ती इतकी घट्ट बसली आहे. आकाश निळे का, सूर्यास्त तांबडा का, याचे उत्तर सगळ्यांनी वाचलेले असते. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, लाल-पिवळा कमी विखुरतो. मग धुक्यातही पिवळा कमी विखुरणार, असे तर्काने वाटते. या तर्कात एक गोष्ट निसटते. तो नियम, ज्याला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे नाव आहे, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणांना लागू पडतो. हवेतले रेणू तसे असतात. धुक्यातले थेंब तसे नसतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, तर धुक्याचा थेंब बहुधा काही मायक्रोमीटरपासून वीस-तीस मायक्रोमीटरपर्यंतचा. प्रकाशाच्या मानाने हा थेंब फारच मोठा. एवढ्या मोठ्या थेंबापुढे निळा, पिवळा, लाल असा भेद उरत नाही, तो सगळ्यांना जवळपास सारखेच उधळून लावतो.

याचा पुरावा धुक्यातच आहे. धुके निळा प्रकाश जास्त उधळत असते तर ते निळसर दिसले असते. ते दुधासारखे पांढरे दिसते, कारण सगळे रंग सारखेच परत फिरतात. पेटत्या विडीच्या टोकाकडून जी धुराची रेघ वर जाते ती निळसर असते आणि तीच विडी ओढून तोंडातून सोडलेला धूर पांढुरका असतो. टोकाकडच्या धुराचे कण अतिशय बारीक, तर तोंडातल्या ओलाव्याने फुगलेले कण मोठे. रॅलेंचा नियम कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे त्या एका विडीत दिसते. (विडी ओढायचे दुसरे कोणतेही समर्थन यात शोधू नये.)

पाचट जाळल्यावर शेतावर तरंगणारा धूर किंवा उन्हाळ्यातला विरळ धुरकटपणा यांचे कण बारीक असतात आणि तिथे पिवळ्या-लालला थोडा फायदा मिळतो हे खरे. पण पुढची गाडी दिसेनाशी करणारे जे पाण्याचे धुके असते, तिथे नाही.

मग जगभर अनेक फॉग लाइट पिवळे का असतात? याला इतिहास आहे आणि तो बराचसा फ्रान्सचा आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने सगळ्या गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच हवेत असा कायदा केला. केवळ फॉग लाइट नव्हे, हेडलाइटसुद्धा. पिवळा म्हणजे तंत्राच्या भाषेत ‘सिलेक्टिव्ह यलो’, म्हणजे पांढऱ्यातून निळा आणि जांभळा गाळून काढलेला प्रकाश. समोरच्याचे डोळे कमी दिपावेत हा त्यामागचा हेतू. युद्धात शत्रूच्या गाड्या ओळखू याव्यात म्हणून हा रंग निवडला, अशी एक गोष्ट हौसेने सांगितली जाते. तिला फारसा आधार नाही. पुढे युरोपभर एकच नियम करताना ही सक्ती संपली आणि १९९३ पासून फ्रान्समधल्या नव्या गाड्याही पांढऱ्या दिव्यांनी येऊ लागल्या. त्याआधीच, १९७६ मध्ये, नेदरलँड्समध्ये पिवळ्या आणि पांढऱ्या हेडलाइटची तुलना झाली होती. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, पिवळ्याने डोळ्यांना होणारा त्रास मात्र काहीसा कमी, असा निष्कर्ष निघाला होता.

हा ‘डोळ्यांचा त्रास’ हीच पिवळ्याची खरी बाजू आहे आणि ती उडवून लावायचे कारण नाही. माणसाच्या डोळ्याचे निळ्याशी फारसे जमत नाही. डोळ्यातले भिंग निळ्या किरणांना पडद्याच्या अलीकडेच एकत्र आणते, त्यामुळे निळा प्रकाश किंचित पसरट दिसतो. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे सगळ्यांत बारीक दिसते, तिथे निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणजे निळ्यामुळे तपशील फार वाढत नाही आणि खुपणे मात्र वाढते. एलईडीचा थंड पांढरा प्रकाश समोरून आला की डोळे मिटावेसे वाटतात, त्यात निळ्याच्या या जादा वाट्याचाही भाग आहे.

पण डोळ्यांना खुपणे आणि डोळ्यांना न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरून तीव्र प्रकाश आला की तो डोळ्याच्या आत विखुरतो आणि दृष्टीवर एक झिरझिरीत पडदा येतो. त्या पडद्यामुळे रस्त्याकडेचा माणूस दिसत नाही. हा पडदा प्रकाश किती तीव्र आहे यावर ठरतो, रंगावर फारसा नाही. वय वाढले, मोतीबिंदूची सुरुवात झाली की तो अधिक दाट होतो. पिवळ्या प्रकाशात माणसाला ‘बरे’ वाटते, पण म्हणून त्याला जास्त दिसत असतेच असे नाही. रात्री गाडी चालवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांचे नेमके हेच झाले. अमेरिकेतल्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये कृत्रिम चालन-यंत्रावर २२ जणांची चाचणी घेतली. पिवळ्या काचांनी रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसण्यात काही सुधारणा झाली नाही, समोरून प्रकाश येत असतानाही नाही. साठीच्या माणसाने रात्री दिवे फुटल्यासारखे, फाकल्यासारखे दिसतात म्हणून पिवळा चष्मा घेण्यापेक्षा डोळे तपासून घेणे केव्हाही चांगले.

हे सगळे मान्य केले तरी ‘थोडा का होईना फायदा होतो ना’ हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आकड्यांत मिळते.

धुक्यातली दृश्यमानता मोजण्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या अशी: सरळ सोडलेला प्रकाशाचा झोत जितक्या अंतरात शंभराचा पाच उरतो, ते अंतर. म्हणजे दृश्यमानता पन्नास मीटर असेल, तर गाडीच्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशातला शंभरातला पाचवा भाग सोडाच, शंभरातले फक्त पाच भाग पन्नास मीटरपर्यंत पोचतात. तिथल्या वस्तूवर आपटून डोळ्यापर्यंत परत येताना त्या पाचातलेही शंभराला पाच उरतात. म्हणजे शंभराचा पाव भाग. वस्तू स्वतः जो प्रकाश गिळते तो वेगळाच. अशा घसरणीत दिव्याची ताकद दुप्पट केली तरी पल्ला फार तर पाच-सहा मीटरने वाढतो. याच हिशेबाने फिल्म लावून दिव्याचा प्रकाश शंभरातला वीस भागाने कमी झाला, तर पल्ला कमी होतो सुमारे दोन मीटरने. चांगल्या फिल्मने याहूनही कमी. पिवळ्याचे भांडण हे असे दोन मीटरांचे आहे, इकडे किंवा तिकडे.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवावा. चालकाला समोरचे दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि दवाने ओला झालेला रस्ता धरला, तर ताशी साठच्या वेगातली गाडी थांबायला साधारण ५३ मीटर घेते. ऐंशीला ८० मीटरच्या वर. चाळीसला २९. म्हणजे वेग साठवरून चाळीसवर आणला की चोवीस मीटर वाचतात. पन्नास मीटर दिसत असताना साठने जाणारा आणि चाळीसने जाणारा, यांतला एक ट्रॉलीच्या अलीकडे थांबतो आणि दुसरा थांबत नाही. फिल्मचा रंग कोणताही असो.

मग फॉग लाइट निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. तो उपयोगी आहे तो त्याच्या रंगामुळे नसून त्याच्या जागेमुळे आणि झोताच्या आकारामुळे. हेडलाइट उंचावर असतो, चालकाच्या डोळ्यांच्या जवळ असतो आणि लांबवर प्रकाश फेकतो. धुक्यात तोच प्रकाश समोरच्या थेंबांवरून परत येऊन पांढरी भिंत उभी करतो. अप्पर लावला तर ती भिंत आणखी जाड होते. फॉग लाइट बंपरमध्ये खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि वरच्या कडेला तो चाकूने कापल्यासारखा संपतो. त्यामुळे डोळ्यांसमोरची हवा अंधारात राहते आणि उजेड रस्त्यावर, पांढऱ्या पट्ट्यावर, कडेच्या मुरमावर पडतो. ती वरची कड जोवर शाबूत आहे तोवर फॉग लाइट कामाचा, आणि घरगुती प्रयोगात सगळ्यांत आधी बिघडते ती नेमकी हीच कड.

जिलेटिन कागद किंवा रंगीत सेलोफेन हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि सगळ्यांत वाईटही. हॅलोजन बल्बची उष्णता काचेपर्यंत येते. कागद सुरकुततो, करपतो, काचेला चिकटून बसतो. पहिल्याच दवात तो सुटला नाही तर नशीब.

काचेचा रंग आणि स्प्रे यांत फरक आहे. देवघराच्या काचेवर चित्र काढतात तो रंग पारदर्शक असतो, पण ब्रशचे ओघळ राहतात. स्वस्त स्प्रे बहुतेक वेळा पूर्ण पारदर्शक नसतो, धूसर असतो. दोन्हींचा परिणाम एकच, काचेवर हजारो बारीक उंचवटे तयार होतात आणि प्रत्येक जण प्रकाश हवा तिकडे फेकतो. धुके गाडीच्या बाहेर असते, तसे ते दिव्यावरही चढते म्हणायचे. झोताची वरची कड पुसट होते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे फॉग लाइट काचेचे नसून पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात. स्प्रेमधले किंवा तो काढताना वापरलेले थिनर त्याला मानवत नाही. बारीक तडे जातात, पृष्ठभाग दुधी होतो आणि मग अख्खा दिवाच बदलावा लागतो. स्प्रे मारायचाच असेल तर दिवा आधी काचेचा आहे की प्लास्टिकचा, हे नखाने वाजवून पाहावे. काच टणटणते, प्लास्टिकचा आवाज मंद येतो.

घरगुती मार्गांत त्यातल्या त्यात बरी ती दिव्यांसाठीच बनवलेली पारदर्शक विनाइल फिल्म. ती बसवायची रीत मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखीच आहे, फक्त पृष्ठभाग गोलसर असल्याने धीर जास्त लागतो. दिवा गार असावा. तो साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा, कडेची माती काडीने काढायची. फिल्म दिव्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठी कापायची. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून ते काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारायचे, म्हणजे ती सरकवता येते. मग मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढत जायचे. जिथे सुरकुती येईल तिथे हेअर ड्रायरने कोमट करून ताणायची. गरम जास्त झाली की ती जागा पातळ होते आणि रंग फिका दिसतो. कडा कापताना ब्लेड बंपरच्या रंगावर फिरू देऊ नये. एक दिवस वाळू द्यायची आणि त्या दिवशी गाडी धुवायची नाही. मधे राहिलेला बुडबुडा हा निव्वळ दिसायला वाईट नसतो, तो एका छोट्या भिंगासारखा वागतो आणि झोत बिघडवतो. दोन-चार बुडबुडे राहिले तर फिल्म काढून नवी लावावी, सुईने टोचून समाधान मानू नये.

पिवळा रंग हवाच असेल, तर सगळ्यांत सरळ मार्ग दिव्याच्या आत आहे. त्याच खोबणीचा, त्याच वॅटचा पिवळी काच असलेला हॅलोजन बल्ब बसवावा. बल्बची तार ज्या जागी असायला हवी त्याच जागी राहते, बाहेरची काच जशीच्या तशी राहते, वरची कड शाबूत राहते. बसवताना बल्बच्या काचेला बोट लागू द्यायचे नाही. त्वचेचे तेल तापून तिथे काच फुटते. एक गोष्ट मात्र खरी की हॅलोजनचा प्रकाश मुळातच पिवळसर असतो, त्यात निळा फार थोडा. त्यामुळे गाळणी लावून बदल थोडाच होतो. गाळणीचा खरा परिणाम दिसतो तो थंड पांढऱ्या एलईडीवर.

एलईडीची गोष्ट वेगळ्या कारणाने काळजीची आहे. हॅलोजनसाठी बनलेल्या फॉग लाइटमध्ये बाजारातला ‘दोन रंगी’ एलईडी बल्ब कोंबणे ही सध्याची फॅशन. एक बटण दाबले की पांढरा, दुसऱ्यांदा दाबले की पिवळा. त्या दिव्यातला आरसा एका बारीक तारेच्या जागेवर नेमका बेतलेला असतो. एलईडीचे चौकोनी चिप वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराचे. झोत विस्कटतो, प्रकाश वर जातो. बसवणाऱ्याला मात्र भिंतीवर लख्ख उजेड दिसतो आणि तो खूश होतो. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या विद्यार्थ्याला काय दिसते, हे त्याने पाहिलेले नसते. शंभर वॅटचे हॅलोजन बसवणाऱ्यांचेही तेच, वर वायरिंग आणि होल्डर वितळण्याची भीती.

कायद्यात रंगावरून फारसा वाद नाही. भारतात पुढच्या फॉग लाइटचा प्रकाश पांढरा किंवा सिलेक्टिव्ह यलो, दोन्ही चालतात. निळा, जांभळा, हिरवा यांना जागा नाही. कायदा अडतो तो झोतावर आणि फेरफारावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, इतका की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपू नयेत. पूर्वी हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका लावायचे, तो याच हेतूने. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शेजारच्या कर्नाटकात पोलिसांनी जुलै २०२४ पासून डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली होती. उदगीर-देगलूरकडून बिदरला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. त्याच वॅटचा पिवळा बल्ब सहसा कुणी अडवणार नाही, पण विस्कटलेल्या झोताच्या एलईडीला तो पिवळा आहे ही सबब चालायची नाही.

या सगळ्या चर्चेत एक बाजू राहून जाते. चालक स्वतःच्या दिव्याचा रंग बदलत बसतो, कारण ते त्याच्या हातात असते. पण धुक्यात होणारी मोठी टक्कर बहुधा समोरून येणाऱ्याशी होत नाही, ती पुढे हळू चाललेल्या किंवा थांबलेल्या वाहनाशी होते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांत पाठीमागून धडकण्याचे प्रमाण साधारण पाचात एक होते. मराठवाड्याच्या हिवाळ्यात पुढचे ते हळू वाहन म्हणजे बहुतेकदा उसाची ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, मागे बाहेर आलेले वाढे, मागचा दिवा एकतर नाही किंवा वाढ्याखाली झाकलेला. रेडियमची पट्टी लावलेली असते तीही चिखलाने माखलेली.

इथे वरचा हिशेब पुन्हा कामाला येतो. रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा प्रकाश धुक्यातून जातो, पट्टीवर आपटतो आणि पुन्हा धुक्यातून परत येतो. दोनदा घसरण. ट्रॉलीवर पेटता लाल दिवा असेल, तर त्याचा प्रकाश धुक्यातून एकदाच येतो. पन्नास मीटरच्या त्याच धुक्यात, पन्नास मीटरवरून, रेडियमचा शंभराचा पाव भाग आणि दिव्याचे पाच भाग. वीसपट फरक. स्वच्छ रात्री रेडियम उत्तम काम करते आणि ते हवेच, पण धुईत ते एकटे पुरत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा, उसाच्या बाहेर काठीला बांधलेला एक लाल दिवा मागच्या कारमधल्या कुठल्याही पिवळ्या फिल्मपेक्षा जास्त अंतर मिळवून देतो. कारखान्यांच्या गेटवर हंगामाच्या सुरुवातीला रेडियम वाटण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. त्या वाटपात दिव्याचा समावेश क्वचितच असतो. ट्रॉलीचा मालक, मुकादम आणि कारखाना यांच्यात दिव्याचा खर्च कुणाचा हे ठरत नाही आणि तो दिवा लागत नाही. अपघात झाल्यावर मात्र जखमींना घेऊन रुग्णवाहिका याच धुईतून विष्णुपुरीच्या रुग्णालयाकडे येते.

हीच गोष्ट कारच्या मागच्या बाजूलाही लागू आहे. धुक्यात पार्किंग लाइटवर गाडी हाकणारे पुष्कळ असतात. दिवसाच्या दिव्यांमुळे पुढे उजेड दिसतो, म्हणून मागचे दिवे लागलेत असे चालकाला वाटते. अनेक गाड्यांत ते लागलेले नसतात. डिपर लावला की मागचे लाल दिवेही लागतात, त्यामुळे धुक्यात दिवसाउजेडीही डिपर हवा. चालू गाडीत चारही इंडिकेटर लावून जाण्याची सवय मात्र वाईट. गाडी उभी आहे की चालली आहे आणि वळणार कुठे, हे मागच्याला कळत नाही.

वेगाच्या बाबतीत तर डोळ्यावर विसंबूच नये. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले होते की धुक्यासारखे धूसर चित्र समोर असले की माणसाला स्वतःचा वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने, जवळचे स्पष्ट आणि लांबचे धूसर असे खऱ्या धुक्यासारखे चित्र वापरून, उलटा निष्कर्ष काढला. शास्त्रज्ञांचे एकमत व्हायचे तेव्हा होईल. तोवर स्पीडोमीटरकडे पाहणे हाच मार्ग.

ज्यांनी फिल्म किंवा बल्ब आधीच लावला आहे त्यांनी एक तपासणी घरीच करावी. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करायची. फॉग लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ ओढायची. दिवे लावले की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली किमान सात-आठ सेंटिमीटर आणि सलग, आडवी दिसायला हवी. कड रेघेच्या वर गेली तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत खाली आणता येतो. कडच दिसत नसेल, नुसता पसरलेला पिवळा डाग असेल, तर स्क्रू फिरवून उपयोग नाही. फिल्म ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यापासून हळूहळू ओढून काढायची, उरलेला गोंद साबणाच्या गरम पाण्याने घासायचा. पेट्रोल किंवा थिनर वापरायचे नाही.